कोपऱ्यातला पांढरा चौकोन

मी कुणाचं नाव विचारलं नव्हतं, फोन नंबर साठवला नव्हता. दोन वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो. ते खरंही आहे. म्हणूनच ते इतके दिवस पुरलं.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल-चादरींच्या एका कारखान्याचं ऑफिस मी सांभाळतो. छंद मात्र प्रोग्रामिंगचा. ब्राउझरमध्ये चालणारे छोटे खेळ, बोट फिरवलं की रंग बदलणारी नक्षी, गमतीच्या प्रश्नावल्या असं काहीबाही बनवून ओळखीच्यांना लिंक पाठवायचो. उघडायचं कुणी नाही. बायको म्हणायची, "तुमच्या खेळाला तुमच्याशिवाय गिऱ्हाईक कोण हाय ओ?" मी हसायचो. लागायचं मात्र.

त्यामुळे मालकांनी, "कामगारांच्या अडचणी निनावी कळतील असं काही करता का?" असं विचारलं तेव्हा मी हरखलो. पाच प्रश्न केले. आणि लोकांनी शेवटपर्यंत यावं म्हणून खाली एक जाळी ठेवली. बोटानं चौकोन भरायचे, आपल्या आवडीची किनार काढायची.

आमच्याकडे ग्राफ काढणारे एक मास्तर होते. मागावर चढण्याआधी नक्षी ग्राफपेपरवर चौकोन-चौकोन भरून काढावी लागते, ते त्यांचं काम. घरात तेलुगू, कारखान्यात मराठी. त्यांची एक सवय होती, वडलांनी लावलेली. उजवीकडचा खालचा चौकोन ते पांढरा सोडायचे. पहिला नमुना मागावरून नीट उतरला की मग तो स्वतःच्या हातानं भरायचे.

लिंक पाठवली त्या दिवशी मास्तर ऑफिसात आले. "नाव येतंय का ओ यात?"

"न्हाय येत की, मास्तर. मलाबी कळणार न्हाय."

"मग खरं लिहू?"

"लिहा की बिनधास्त."

आठवड्यानं मी मालकांना एकेक उत्तर स्क्रीनवर दाखवत होतो. एकात लिहिलं होतं, 'डोळ्याला बारीक दिसत नाही. काम घरी नेल्यावर लेक हातभार लावते. कुणाला सांगितलेलं नाही.'

"शिलाईतली कुणीतरी बाई दिसते. चष्म्याचं बघू," मालक म्हणाले आणि पुढं निघाले.

मी त्यांना थांबवलं. खाली जी किनार काढली होती ती इतकी देखणी होती, आणि ती माझ्या पानावर काढलेली होती. "हे चित्र तरी बघा," मी म्हणालो. "हा मास्तरांचा हात. कोपरा बघा ना, पांढरा सोडलाय." आणि त्या कोपऱ्याची गोष्ट मी रंगवून सांगायला लागलो. माझं पान इतकं मन लावून आजवर कुणी बघितलं नव्हतं. मालक चित्र बघत नव्हते, वरचं उत्तर पुन्हा वाचत होते, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

पंधरा दिवसांत मालकांनी शाल-नारळ देऊन मास्तरांना "आता डोळ्यांना आराम द्या, लेकीलाही" असं सांगितलं. टाळ्या मीही वाजवल्या.

मास्तरांच्या घरी काय झालं ते माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरकडून कळलं. "मास्तर लेकीशी बोलत न्हाईत ओ. दोघांतली गोष्ट, तिनंच कुटंतरी तोंड उघडलं म्हणतात." मी मान डोलावली आणि समोरचं चलन लिहीत राहिलो. असं दोन वर्षं.

गेल्या महिन्यात ती लेक ऑफिसात आली. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान, पूर्वी बाबांचा डबा द्यायला यायची तेव्हा बोटांवर दिसायचे ते शाईचे डाग आता नव्हते. "साहेब, बाबांना एकदा सांगा ना, मी कुणाला बोलले न्हाय. तुमचं ऐकतील ते."

"सांगतो," म्हणालो. त्यालाही आठ दिवस लावले.

रविवारी सकाळी गेलो. मास्तर ओट्यावर होते, ती दारात सुपात तांदूळ निवडत बसलेली. मी सगळं सांगितलं. मालकांनी खोदून विचारलं नव्हतं, मीच हौसेनं बोललो, हेही सांगितलं. ते ऐकून मास्तर चिडतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "चित्र हाय का अजून?"

फोनवर उघडून पुढं धरलं. त्यांनी डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, परत जवळ नेलं.

"कोपरा मोकळा हाय का?"

"आहे."

"मग माझंच." फोन माझ्या हातात ठेवून ते दाराकडं वळले आणि लेकीला तेलुगूत काहीतरी बोलले. हळू, बराच वेळ. मला त्यातलं काही कळलं नाही. तिनं सूप बाजूला ठेवलं, पदर डोळ्याला लावला आणि आत गेली. तांब्या आणि एक पेला आणून तिनं ओट्यावर ठेवला.

पेला माझ्या बाजूला होता. घ्या, असं कुणी म्हणालं नाही. थोडा वेळ बसून मी उठलो.