मधला ठिपका

मी आणि माझ्या बायकोने मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे अंधेरीच्या खोलीच्या दारातली रांगोळी. मी ठिपके टाकत होतो, ती रेघा ओढत होती, आणि तिच्या बोटांना कारखान्यातल्या सोल्डरच्या कथलाचा वास होता. तिथे ती तेव्हा नवेच आलेले कॉम्प्युटर एकमेकांना तारांनी जोडायची, म्हणजे एकावरचा निरोप पुढच्यावर जायचा. मी म्हटलं, “मधलाच एक कॉम्प्युटर बंद पडला तर निरोप अडकणार ना?” तिने मधला ठिपका अंगठ्याने पुसला आणि रेघ बाजूच्या ठिपक्यांवरून वळवून उंबऱ्याला टेकवली. “अडकतोय कशाला? तुम्हाला भलताच घोर!” त्याच दुपारी तिच्या छातीत कळ आली आणि ती गेली. दुसऱ्या सकाळी मी रांगोळीचा डबा घेऊन दारात बसलो. शेजारीण म्हणाली, “अहो, सुतकात रांगोळी?” मी म्हटलं, “तुमचं तुम्ही बघा.” सगळे ठिपके टाकले, मधला सोडला, आणि रेघ वळवत वळवत उंबऱ्यापर्यंत नेली.