चक्रांग की भुवई

आमचं वावर फुलसावंगीकडच्या एका तलावाला लागून. हिवाळ्यात गव्हाला पाणी सोडलं की बाबा जुनी दुर्बीण घेऊन मला तलावाच्या पाळीवर बसवायचे. "नर त कोणीबी ओळखते. मादी ओळखून दाखव," म्हणायचे. चक्रांग आणि भुवई, या दोन बदकांच्या माद्या दिसायला सारख्याच मातकट. डोळ्यावर ठळक पांढरी भुवई आणि चोचीच्या बुडाशी पांढरा ठिपका असला तर भुवई. चेहरा साधा आणि शेपटीच्या बाजूला फिकट रेघ असली तर चक्रांग. मी चुकले की डोक्यात टपली बसायची.

पुढे मी माझ्या मनानं लग्न केलं, जातीबाहेर, आणि बाबांनी बोलणं टाकलं. मीही त्यांचीच पोरगी, मीही फोन केला नाही. नवऱ्यासोबत उमरखेडला राहते, गाव काही लांब नाही, पण तीन वर्षं तिकडे फिरकले नाही. आई तेवढी गुपचूप फोन करायची.

यंदाच्या थंडीत बाबांच्या नंबरवरून एक फोटो आला. दुर्बिणीला मोबाइल लावून काढलेला, खाली दोन शब्द: 'चक्रांग मादी'. माझं डोकंच सटकलं. तीन वर्षांनी पोरीची आठवण आली ती बदकापायी, आणि तेही चुकीचं. भुवई ढळढळीत दिसत होती. मी लिहिलं, 'भुवई आहे. डोळे तपासून घ्या.' उत्तर आलं, 'बरं.'

दुसऱ्या दिवशी चक्रांगचा फोटो, खाली 'भुवई'. मी पुन्हा झापलं. पुन्हा 'बरं'. आठवडाभर हेच चाललं, तेव्हा मात्र मी घाबरले. आईला विचारलं, "बाबांना मोतीबिंदू झाला का गं?"

"कायचा मोतीबिंदू? सुईत दोरा तेच ओवून देते मले," आई म्हणाली. "रोज पाळीवर जाते, फोटो काढते, अन् मलेच विचारते, काय लिहू म्हणजे पोरगी चिडते? चिडली त उत्तर देते म्हणे."

मी ओट्याला टेकून रडले. कणीक तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोटो आला, नाव अर्थातच चुकीचं. मी लिहिलं, 'फोटोत नीट कळत नाही, बाबा. रविवारी येऊन पाहू का?'

मी भांडी घासायला घेतली, पण दर दोन मिनिटांनी हात पुसून मोबाइल बघत होते. शेवटी उत्तर आलं.

'एकटी येऊ नको. जावयाले घेऊन ये.'

त्या माणसाला बाबांनी जावई म्हटलं, ते त्या दिवशी पहिल्यांदा.