चादर मागायची असते

पुणतांब्याहून विमानतळाला निघाले तेव्हा आईनं गाडीच्या खिडकीत डोकं घालून सांगितलं, "तिकडच्या डाक्टरवर लई इस्वास ठिवू नको. काई दुखलंखुपलं तर आदी मला फोन कर." तो संशय घेऊनच मी जर्मनीत उतरले.

पुढच्या वर्षी पाळी थांबेचना. नवऱ्यानं अपॉइंटमेंट घेतली. डॉक्टर पुरुष. त्यानं हात मिळवला आणि कोपऱ्यातला आडोसा दाखवला: कमरेखालचे कपडे काढून खुर्चीवर या. अंगावर घ्यायला चादर नाही, नर्सही नाही. तिला मुद्दाम तर बाहेर पाठवली नसेल? मी नाडी सोडलीच नाही. तशीच बाहेर आले.

"इथं सगळ्यांना असंच तपासतात," नवरा म्हणाला. तुला कसं ठाऊक, विचारलं तर फोन बघायला लागला. मग मला त्याचाही संशय आला.

रक्त जाऊन जाऊन जिना चढताना धाप लागायला लागली, तेव्हा शेजारच्या तुर्की एमिनेनं सांगितलं, "मी बाई डॉक्टर मागते आणि लांब झगा घालून जाते. मागितलं की देतात. आपण होऊन कुणी देत नाही."

तुमच्यापैकी ज्या बाहेर गेल्यात त्यांना हे माहीत असेल, मला नव्हतं. बाई डॉक्टरनं आधी विचारलं, काय केलं तर तुम्हाला बरं वाटेल? यातही काही डाव असेल असं वाटलं. तरी चादर मागितली. तिनं कपाटातून मोठा टॉवेल काढून दिला. गर्भाशयात गाठ निघाली, साधी. ती काढली.

गेल्या उन्हाळ्यात माहेरी आले, तेव्हा आईबरोबर जवळच्या दवाखान्यात तपासून घ्यायला गेले. इथं चादर होती. पण पडद्याच्या आतच पुढच्या नंबरच्या बायका उभ्या, आणि डॉक्टरीणबाईंना माझ्याआधी आईच उत्तरं देत होती. लग्नाआधी मला यात काही वावगं वाटत नव्हतं.

"सगळ्यांना बाहेर थांबायला सांगा," मी म्हटलं. "आई, तूसुद्धा."

परतताना रिक्षात ती उसाकडं बघत बसली. रागावली असेल, असं मला वाटलं. मग फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "माझं अंग बाहेर येतंय. लई दिस झाले. पन तितं समद्यांपुडं कसं सांगू?"

गर्भाशय खाली सरकलं होतं तिचं. मी रिक्षा मागं वळवायला लावली.

आत ती आणि डॉक्टरीणबाई, दोघीच. मी बाहेर उभी राहिले, येणाऱ्या प्रत्येकीकडं संशयानं बघत. राहायला मी कुठंही असेन. घर म्हणजे आता मला एवढंच कळतं, की तिथं कुणासाठी तरी असं दारात उभं राहता येतं.