इटली व्हाया वाशी

आमच्या ऑफिसातल्या फायली दर तीन वर्षांनी रद्दीत जातात. किस्से जात नाहीत. ते साचत राहतात. मग कुठल्यातरी हळदीला कुणी भेटतं, म्हणतं, "तुझी मजा आहे बाई, रोज फॉरेनच्याच गप्पा!" की मी सुरू होते. लोक पोट धरून हसतात. सांगताना मीही हसते. घरी येऊन भांडी घासताना तेच किस्से आठवतात, तेव्हा हसू येत नाही.

वाशीत एका कॉम्प्लेक्सच्या पहिल्या मजल्यावर आमचं ट्रॅव्हल ऑफिस आहे. आम्ही तिघंच. मालक भोईर शेठ, इथल्याच खाडीकाठच्या गावचे. व्हिसाचे कागद बघणारे निकम, मूळचे साताऱ्याकडचे. आणि प्लॅन बनवणारी मी, तळवलीची. बस भरून माणसं न्यायचा धंदा आमचा नाही. एकेका कुटुंबाला समोर बसवायचं आणि रोमला किती रात्री, तिथून फ्लोरेन्स, तिथून व्हेनिस, कुठली ट्रेन, कुठलं हॉटेल, असं मापाने शिवून द्यायचं. त्यातही इटली आमची स्पेशालिटी. का? तर शेठ एकदा जाऊन आलेत!

* * *

शेठचा इटलीचा अनुभव एका वाक्यात मावतो. समोर कुणीही गिऱ्हाईक बसलं की ते केबिनमधून बाहेर येतात, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवतात आणि म्हणतात, "व्हेनिस म्हंजे काय, आपलीच खाडी. बिल्डिंगी तेवऱ्या भारी!"

गिऱ्हाईक हसतं. अर्धं काम होऊन जातं.

एकदा समोर खारघरची एक मुलगी होती. हुशार. तिने सरळ विचारलं, "मग अंकल, आपल्या खाडीचं व्हेनिस का नाही झालं?"

शेठ खिडकीशी गेले. आमच्या खिडकीतून पार्किंगचा प्लॉट दिसतो आणि त्यापलीकडे अजून एक पार्किंगचा प्लॉट.

"तो दिसतोय ना, तिथं माझ्या बापाचा मिठागर व्हता. पलीकडं धक्क्याला होऱ्या लागायच्या. खाडी आमची व्हती तवा फोटो काढायला कोन नाय आला!"

केबिनमध्ये जाऊन त्यांनी दार लावून घेतलं. मुलीने व्हेनिसच्या दोन रात्री बुक केल्या.

* * *

मार्केटमधले कांदा-बटाट्याचे एक मोठे व्यापारी बायकोला घेऊन आले. आठ दिवस, सात शहरं! मी म्हटलं, "भाऊ, रोमलाच तीन दिवस लागतात हो."

"तीन दिवस? मी ट्रकभर माल दहा मिनिटांत बघतो!"

तेवढ्यात त्यांना फोन आला. ते बाहेर गेले. इतका वेळ गप्प बसलेल्या वहिनी पटकन पुढे झुकल्या. "ताई, कुठंतरी नुसतं बसायला मिळंल असं घाला ना. दोन तास. बाकी त्यांच्या मनासारखं होऊ द्या."

मी घातलं. फ्लोरेन्सला टेकडीवर एक बाग आहे, खाली अख्खं शहर दिसतं. दुपारी तीन ते पाच, बाग. त्यापुढे मुद्दाम काहीच लिहिलं नाही.

भाऊंनी प्लॅन वाचला. सगळा पसंत. फक्त तिथे पेन थांबलं. "हे काय, तीन ते पाच रिकामं सोडलंय? इथं तो पिसाचा मनोरा भरा!"

पिसा भरला.

परत आल्यावर पेढे द्यायला आले होते. मी वहिनींना विचारलं, "कसं वाटलं?"

त्या म्हणाल्या, "बसच्या शिटा चांगल्या होत्या."

* * *

सीवूड्सचं एक जोडपं. दोघंही आयटीत. लग्नाला दहा वर्षं झाली म्हणून अमाल्फीचा समुद्रकिनारा, समुद्राकडची रूम, डबल बेड. बुकिंग जानेवारीत, जायचं मे महिन्यात.

फेब्रुवारीत तिचा मेल आला. "डबल बेडऐवजी दोन वेगळे बेड मिळतील का?" मिळाले.

मार्चमध्ये त्याचा मेल. "एक रूमऐवजी दोन रूम करा." केल्या.

एप्रिलमध्ये दोघांचाही मेल, एकाच दिवशी, वेगवेगळा. "आमच्या दोन फायली करा."

निकमांनी फाईल उघडली, कागद वाटून घ्यावेत तसे दोन ढिगांत लावले. लग्नाचा दाखला कुठल्या ढिगात ठेवायचा, ते त्यांना कळेना. हातात धरून ते बसून राहिले.

मला वाटलं, आता निदान एकजण तरी कॅन्सल करेल. नाही! तारखा त्याच, हॉटेल तेच. सुट्ट्या मंजूर झालेल्या होत्या ना. शेवटचा मेल तिचा होता. फार सभ्य भाषेत लिहिलेला. "आमच्या ब्रेकफास्टच्या वेळा तेवढ्या वेगळ्या ठेवता येतील का?"

* * *

नेरूळचे एक निवृत्त सर आणि त्यांच्या बाई, दोघंही शाळेत शिक्षक होते. मुलगा जर्मनीत. पाच वर्षं भेट नव्हती. तो म्हणाला होता, तुम्ही इटलीला या, मी तिथे येतो, दहा दिवस एकत्र फिरू.

त्यामुळे पहिला प्लॅन तिघांचा केला. मग सरांचा फोन आला, "त्याला रजा पाच दिवसांचीच आहे." प्लॅन बदलला. मग, "शनिवार-रविवारी व्हेनिसला येईल." बदलला. मग, "रोमला एका संध्याकाळी जेवायला येईल. स्टेशनजवळचं हॉटेल बघा, त्याला सोयीचं पडेल." ते बदललं. दर वेळी सर म्हणायचे, "तुम्हाला त्रास देतोय." दर वेळी मी म्हणायचे, "त्यात काय!"

व्हिसाच्या फॉर्मवर प्रवासाचं कारण लिहावं लागतं. सर उत्साहाने म्हणाले, "मुलाला भेटणे, असं लिहा."

निकम म्हणाले, "लिवतो की. पन मंग मुलाचं पत्र लागंल. निमंत्रनाचं, त्याच्या सहीचं."

"एवढंच ना? आज सांगतो, उद्या पाठवेल."

तीन आठवडे ती जागा फॉर्मवर कोरी राहिली. अपॉइंटमेंटच्या आदल्या दिवशी सर एकटेच आले. निकमांच्या टेबलासमोर उभे राहिले, बसलेही नाहीत.

"निकम, 'पर्यटन' लिहा. खोटं नको लिहायला."

* * *

व्हिसाचीच अजून एक गोष्ट. पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात बिस्किटांचे पुडे बांधायच्या मशीनवर काम करणारे एक गृहस्थ आले. आपण त्यांना मोरे म्हणू. मशीन इटलीचं. त्यावर एक पितळी पट्टी, पट्टीवर गावाचं नाव, बोलोन्या. बावीस वर्षं रोज सकाळी मशीन पुसताना ती पट्टी पुसायचे. म्हणाले, "मॅडम, रोमबिम तुमच्या मनाने टाका. मला हे गाव बघायचंय. बायकोला दाखवायचंय, की बघ, तुझी सवत इथली!"

मी एवढा मन लावून प्लॅन कधीच केला नव्हता. बोलोन्याला पूर्ण एक दिवस. कारखान्याच्या गेटपर्यंत कुठली बस जाते, तेसुद्धा शोधून लिहिलं.

व्हिसा नाकारला. पत्रात छापील कारण होतं, परत येण्याचा इरादा पटलेला नाही.

मोरेंनी पत्र दोनदा वाचायला लावलं. मग शांतपणे म्हणाले, "बावीस वर्षं एका मशीनपुढं उभा आहे. पळायचं असतं तर आधीच नसतो का पळालो?"

व्हिसा ऑफिसातून आलेल्या त्याच पाकिटांच्या गठ्ठ्यात एका बिल्डरच्या भाच्याचा पासपोर्ट होता. त्याला व्हिसा मिळाला. बारा दिवसांची ट्रिप. दोन वर्षं झाली, तो अजून आलेला नाही! त्याची आई आमच्याकडे येऊन पत्ता विचारते. ती जिना उतरली की निकम दर वेळी एकच वाक्य बोलतात.

"ह्याचा इरादा पटला व्हता!"

* * *

आता माझं.

शेठची सक्त ताकीद आहे, कुणी विचारलं की सांगायचं, मी इटलीला जाऊन आलेय. न गेलेल्या बाईचा प्लॅन कोण घेणार? पंधरा वर्षं मी जाऊन आलेली आहे.

एका दुपारी मी डबा उघडून बसले होते, तोच फ्लोरेन्सहून व्हिडिओ कॉल. एक कुटुंब स्टेशनवर हरवलेलं. पाच माणसं, सहा बॅगा, रडणारं पोर. मी म्हटलं, "घाबरू नका. पाठीमागे प्लॅटफॉर्म घ्या. समोर हिरवा प्लस दिसतोय? ते औषधांचं दुकान. त्याच्या बाजूने बाहेर पडा. ट्रामचे रूळ ओलांडले की चर्चची मागची भिंत. उजवीकडे दुसरी गल्ली."

ते चालत राहिले, मी सांगत राहिले. हॉटेलचं दार आलं. त्या ताईंना रडूच आलं. "अहो, तुम्ही तर इथल्याच आहात!"

मी म्हटलं, "हो ना," आणि गार झालेली भेंडीची भाजी खाल्ली.

त्याच महिन्यात माझ्या पासपोर्टची मुदत संपली. ऑफिसला लागतो म्हणून शेठनीच काढायला लावला होता. रिन्यूअलला गेले. काउंटरवरच्या बाईंनी पानं उलटली. एक, दोन, सगळी. मग काचेतून माझ्याकडे बघितलं.

"नवा कोरा आहे की हो! हरवला होता का?"

* * *

आणि हा शेवटचा. हा मी हळदीबिळदीला सांगत नाही.

सानपाड्याचे एक साहेब आणि मॅडम. दोघंही पन्नाशीचे. इटलीचा प्लॅन तीन वर्षांपूर्वी केला, तो तसाच फाईलमध्ये. कारण घरी साहेबांची आई अंथरुणाला खिळलेली. मॅडम बारा वर्षं तिचं सगळं करत होत्या. नर्स ठेवून बघितल्या, एकही टिकली नाही. डॉक्टर दर सहा महिन्यांनी म्हणायचे, आता फार दिवस नाहीत. मग साहेब यायचे, पुढच्या सीझनच्या तारखा धरायचे. तारखा जवळ आल्या की सोडायचे.

दर वेळी मी विचारायचे, "आई कशा आहेत?"

आणि साहेब मान खाली घालून म्हणायचे, "बऱ्या आहेत."

ते 'बऱ्या आहेत' ऐकून आम्ही तिघंही कागदांत डोकं घालायचो. मॅडम कधी काही बोलल्या नाहीत. एकदाच जिन्यात मला म्हणाल्या, "मला फार वाईट वाटतं हो, की मी कॅलेंडर बघते."

गेल्या ऑगस्टमध्ये सकाळी अकराच्या सुमाराला ऑफिसचा फोन वाजला. म्हातारा आवाज, पण खणखणीत.

"मी सानपाड्याहून बोलतेय. त्यांची आई."

मी खुर्चीत सरळ बसले.

"तुमच्या प्लॅनचं ते पाकीट माझ्या उशाशीच ठेवलंय. सून आंघोळीला गेली की वाचते. सगळं वाचलंय. छान लिहिलंय तुम्ही. पण फ्लोरेन्सला दोनच रात्री कमी नाही का होत? तिथे चित्रं आहेत ना. लग्नाआधी चित्रं काढायची ती. चांगली काढायची. तीन रात्री करा."

"हो आजी, करते."

"आणि तारीख घाला. तीन वर्षं तारखेची जागा नुसती रिकामी. नोव्हेंबरची घाला. नोव्हेंबरात ती मोकळी असेल."

मी कागदावर 'नोव्हेंबर' लिहिलं. समोरून निकम खुणेने विचारत होते, कोण आहे?

"आजी," मी म्हटलं, "तुम्हाला कसं माहीत?"

पलीकडे नळ बंद झाल्याचा आवाज आला.

"खिडकीकडची सीट द्या तिला," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.