कपाळावरचं बोट

परवा शिरूरला घरी बसलो होतो, तर नातवाने मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. एक चिनी मास्टर लांबूनच हात हलवतो आणि समोरची माणसं धडाधड पडतात... "आजोबा, ही 'ची' नावाची शक्ती खरी असते का हो?"

मला हसूच आलं. साठच्या दशकात एका बाबाने भर बाजारात माझीच शक्ती काढून घेतली होती!

तेव्हा मी तालमीत जायचो. दुसऱ्या दिवशी निमोण्याच्या जत्रेत माझी पहिली मोठी कुस्ती होती. त्या बाबाने मला मांडी घालून बसवलं, कपाळावर एक बोट टेकवलं आणि म्हणाला, "ऊठ." अंगात रग होती, पण काही केल्या उठता येईना... "तुझी ताकद वढून घेतली. आता पुनवेपर्यंत येत न्हाई." लोक हसले. मी मान खाली घालून घरी आलो.

आमचे वस्ताद हुसेनमामा घरी समजवायला आले, "आरं, ताकद म्हंजी काय खिशातला रुमाल हाय व्हय?" पण माझ्या डोक्यातून ते बोट जाईना. कुस्ती खेळायचीच नाही, असं ठरवून टाकलं.

सकाळी वहिनींनी माझं काही न ऐकता मला पाटावर बसवलं. त्या कुंकू लावत होत्या आणि मी "जायचंच नाही" म्हणत उठायला लागलो. "थांबा की भाऊजी, कुंकू तर लागू द्या!" म्हणत त्यांनी बोट दाबून धरलं... आणि मला उठताच येईना!

"वहिनी, पुन्हा दाबा बरं." पुन्हा तेच. डोकं पुढे गेल्याशिवाय मांडी घातलेल्या माणसाला उठताच येत नाही, एवढीच ती शक्ती! वहिनी तोंडाला पदर लावून हसत सुटल्या, "म्हंजी तुमची ताकद आता माझ्याकडं आली म्हणायची!"

मी तडक निमोणं गाठलं. समोरचा गडी माझ्याहून दांडगा, पण आता माघार नाही म्हणजे नाही. मामा बाहेरून ओरडत होते, "डोकं धर त्याचं, डोकं!" हे ते रोजच सांगायचे... त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. कुस्ती बरोबरीत सुटली, पण मला चीत करणं काही त्याला जमलं नाही.

नातवाला म्हटलं, तुझ्या मास्टरला एकदा आमच्या वहिनींसमोर पाटावर बसव, मग बघू.

मागच्या वर्षी गुडघ्याच्या ऑपरेशनला निघताना मात्र मी पार धास्तावलो होतो. वहिनी आता लेकाकडे भांडगावला असतात, त्या मुद्दाम आल्या. कुंकू लावलं आणि बोट तसंच ठेवलं... माझे डोळे भरून आले.

मग बोट काढून घेत म्हणाल्या, "दिली बघा भाऊजी, तुमची ताकद परत. उठा आता."

आणि मी उठलो.