मोडल्या हातानं पुसलेली फरशी

माझ्या मावशीचा उजवा हात मोडला तो दुसऱ्याच्या घरात, आणि मोडल्यावर तिनं पहिलं काम काय केलं, तर फरशी पुसली. आता अशा बाईला काय म्हणावं?

मावशी पडदे शिवते. माप घ्यायला स्वतः जाते आणि टांगायलाही स्वतःच, कारण दुसऱ्यानं टांगलेल्या पडद्याच्या चुण्या तिला बघवत नाहीत. गिऱ्हाइकाच्या घरातून निघताना मागे दोऱ्याचं टोकसुद्धा राहता कामा नये, हा तिचा नेम. त्यासाठी पिशवीत अस्तराचं एक जुनं फडकं असतं. गिऱ्हाइकाचं फडकं मागायचं नाही, हाही नेमच.

त्या दिवशी ती हेडबाईंकडे पडदे टांगत होती. शाळेतून निवृत्त होऊन जमाना झाला, तरी आम्ही त्यांना हेडबाईच म्हणतो. त्यांनी खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घातलं, थोडं खाली सांडलं, आणि त्या चहा टाकायला आत गेल्या. मावशी स्टुलावरून उतरली ती थेट त्या पाण्यात. मनगटाचा पार चुराडा झाला. हेडबाईंचा मुलगा वरच्या खोलीतून धावत येईपर्यंत हिनं डाव्या हातानं सगळं पाणी टिपून फडकं खिडकीत वाळत टाकलं होतं. म्हणे, अजून कुणी घसरलं असतं तर?

एक ऑपरेशन झालं, पण बोटं मिटेनात. डॉक्टर म्हणाले, दुसरं केलं तर कात्री धरता येईल, नाहीतर विसरा. आणि कात्री नाही तर मावशीनं करायचं काय? मी सरळ भरपाई मागितली. त्या घराचा विमा होता, आणि तिथे पडलेल्या माणसाचा खर्च त्यातून निघतो, हे मी चार ठिकाणी विचारून घेतलं होतं. मावशीला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. हेडबाईंच्या घराला नावं कशी ठेवायची, हे एकच टुमणं. मी म्हटलं, नावं नको ठेवूस बाई, पाणी होतं एवढं तरी सांग.

विमा कंपनीचा माणूस चौकशीला आला तेव्हा आम्ही सगळे त्याच खोलीत बसलो होतो. मुलानं सांगितलं, फरशी कोरडी ठणठणीत होती, मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. खोटं बोलत नव्हता तो. त्या माणसानं मावशीला विचारलं, तर ही म्हणते कशी, हो, ते आले तेव्हा कोरडीच होती. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. हिनंच पुसली म्हणून कोरडी होती, असं मी सांगून टाकलं. तो माणूस वाईट नव्हता, पण त्याला हसू आवरेना.

“मनगट मोडलेलं असताना कुणी फरशी पुसतं का हो?” त्यानं विचारलं.

मावशीला ओळखत नसते तर मीही हेच विचारलं असतं.

हेडबाई इतका वेळ तोंडात मूग धरून बसल्या होत्या. घर मुलाच्या नावावर, विम्याचे हप्तेही तोच भरणारा. त्या वयात मुलाशी वाकडं घ्यायची कुणाला हौस असते? त्या उठल्या आणि कपाटातून मावशीचं फडकं घेऊन आल्या. धुऊन, इस्त्री करून ठेवलेलं.

“ही पुसते,” त्या म्हणाल्या. “पाणी मी सांडलं होतं. पुसायचं राहिलं. हे फडकं खिडकीत ओलं सापडलं, तेव्हाच मला सगळं कळलं. सांगायचा धीर झाला नाही.”

मुलगा उठून वर निघून गेला. मावशी रडायला लागली, आणि खरं सांगते, मलाही हेडबाईंची फार कीव आली.

भरपाई मिळाली. दुसरं ऑपरेशन झालं, बोटं हळूहळू मिटायला लागली. मुलगा बरेच दिवस आईशी धड बोलत नव्हता, असं कानावर आलं. कात्री हातात आल्यावर मावशीनं पहिल्यांदा शिवले ते हेडबाईंचेच राहिलेले पडदे. टांगायला मी सोबत गेले, कारण तिला एकटी सोडायची माझी आता छाती नाही.

मावशी स्टुलावर पाय ठेवणार, तेवढ्यात हेडबाईंनी तिला थांबवलं. गुडघे धरत धरत त्या खाली बसल्या आणि स्टुलाभोवतीची सगळी फरशी तळहातानं चाचपून पाहिली. मग दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं.

“चढ आता,” त्या म्हणाल्या.