पट्टीमास्तरांचा गुणतक्ता

पट्टीमास्तरांना माणसांविषयी फारसं बरं मत नव्हतं. कोटाच्या खिशात लाकडी पट्टी आणि जिभेवर तुच्छता घेऊनच ते दिग्रसच्या आमच्या शाळेत शिरत. हेडमास्तरांच्या सहीला ते "म्हशीचं शेपूट" म्हणत, तेही हेडमास्तरांसमोर.

गुणांचे तक्ते तेच आखत. एखादा आकडा रेघेला नुसता टेकला, तरी कुणी शेजाऱ्याच्या शेताचा बांध नांगरल्यासारखे खवळत. "काहून बे, दुसऱ्याचा धुरा कोरून राह्यला? तुह्या बापाचं वावर आहे काय?" मी नवा, अजून कायम न झालेला शिक्षक. रोज ऐकून घेई आणि पाठीमागे त्यांची नक्कल करी.

त्यांची रीत अशी, की गुण आधी ते स्वतः पेन्सिलीनं भरत. मग मी यादी घेऊन एकेक घर पुसायचं आणि शाईनं लिहायचं. वर मुलांची चाळीस घरं, त्यांना लागूनच खाली मुलींची. त्या वर्षी एक मुलगा उशिरा आला, म्हणून यादीत एक्केचाळीस झाले. त्याच्यासाठी मास्तरांनी वेगळा कागद जोडला होता. मी नावं न बघता, गप्पा हाणत, सरळ खाली लिहीत सुटलो.

मुलींची यादी उघडली, तर पहिल्या घरात आधीच शाईचं बावीस, त्या उशिरा आलेल्या मुलाचं! यादीत सीता राठोडचे गणितात अठ्ठ्याहत्तर होते. आर्णीकडच्या बंजारा तांड्यातून आमच्या शाळेत आलेली ती पहिली मुलगी. शाईतल्या खाडाखोडीवर मास्तरांची सही लागे, म्हणजे आधी त्यांची जीभ सोसावी लागे. मी त्या मुलाचे बावीस त्याच्या कागदावरही लिहिले, उरलेल्या मुलींचे गुण उतरवले आणि यादी चुलीत घातली.

पुढे मुंबईत कंप्युटरवर काम करताना कळलं, यंत्रही असंच वागतं. चाळीस घरांच्या यादीत एक्केचाळिसावं लिहा. ते कुरकुरत नाही, शेजारचं मुकाट पुसतं. पण ते निदान पुरावा जाळायला जात नाही.

निकालादिवशी मास्तर तक्ता घेऊन आले. "सीता गणितात नापास? पेन्सिलीत काय होतं रे?"

"हेच होतं, गुरुजी."

उत्तरपत्रिका केव्हाच किराणेवाल्याकडे पुड्या बांधायला गेल्या होत्या. मास्तरांनी तक्ता खिडकीशी नेऊन ते घर पुन्हा वाचलं. दुसऱ्या दिवशी मला घेऊन तांड्यावर गेले.

सीताचा बाप म्हणाला, "मास्तर, नापास पोरीले शिकवून काय करू? सोयरीक ठरली तिची."

उभ्या आयुष्यात कुणापुढे न वाकलेले मास्तर हात जोडून म्हणाले, "चूक माही आहे, भाऊ. डोये गेले माहे. पोरीले थांबवू नको."

दारात सीता उभी होती. ती मास्तरांकडे नाही, माझ्याकडे बघत होती. मी अंगणातले बैल बघत होतो.

ती शाळेत परत आली नाही. मास्तरांनी हेडमास्तरांना सांगून तक्त्यांचं काम सोडलं आणि त्यासाठी माझंच नाव सुचवलं. त्यावर मी कायम झालो. मरेपर्यंत त्यांनी पुन्हा कुणाच्या अक्षराला नावं ठेवली नाहीत.

त्यांचे डोळे उत्तम होते. हे मी त्यांना सांगितलं नाही.